सहा रांजण

नखलेचं दुकान चर्चच्या उतारावर.
गोड वाइन, बाटलीवर लग्नाचं चित्र, वीस शेकेल.
दुपारी हालिना आली, नखांत माती,
तीन उन्हाळे टेकडीपलीकडे खणतेय.
म्हणाली, खरं काना बहुधा तिकडे.
हे नव्हे.

नखलेनं पंखा तिच्याकडे वळवला.
मग काय सापडलं?
दगडी रांजणाचे तुकडे.
आणि वाइन?
ती हसली. दोन हजार वर्षांनी
दगडाला काय विचारणार,
तुझ्यात पाणी होतं की आणखी काही.

ते लग्न तरी झालं का, हे तो विचारणार होता.
राहिलं.
थोरलीच्या लग्नात, जुलैत, तीनशे पाहुणे,
रात्री अकराला अरक संपला तेव्हा
नाचणाऱ्यांतून वाट काढत बायको आली
आणि कानाशी एवढंच म्हणाली, संपलं.
तो चेहरा कुणाला रचून सांगता येणार नाही
असं त्याला वाटतं.
हा पुरावा नव्हे, तेही कळतं.

गोष्टीतले ते गडी, तो म्हणाला,
विहिरीवरून पाणी ओढून आणणारे,
त्यांना पक्कं ठाऊक असणार.
कुणी विचारलं त्यांना?
त्यांची नावंच नाहीत, हालिना म्हणाली.
नवरीचंही नाही.

बाटलीवरची धूळ त्यानं बाहीनं पुसली.
तिनं वीस ठेवले, त्यानं पंधरा उचलले.
एखादा तुकडा आण कधी, म्हणाला,
ठेवून घेणार नाही.
नुसता हात लावीन, आतल्या बाजूनं.