अठ्ठाविसावा

सीट म्हणजे मेथीची जुडी, भूपालअण्णा म्हणतात,
गाडी नाक्याबाहेर पडली की सुकली.
उद्या उद्याची विकता येते,
आजची नाही.
म्हणून रात्री पावणेअकराला
चारशेची जागा दोनशेला जाते,
आणि आठवडाभर आधी पैसे भरून बसलेला
शेजाऱ्याला भाव विचारत नाही
तेच बरं.

मी वही लिहिते. चौदा वर्षं.
कोल्हापूर स्टँडसमोरच्या बोळात, झेरॉक्सवाल्याच्या माडीवर.
जिन्याखाली टायर, जिन्यावर टायर,
रिमोल्ड केलेले. पुढच्या चाकांना नवे, मागे हे.
अण्णा मागच्या जन्मावर बोलू लागले
की मी टायरची पावती पुढे सरकवते.

डिकीत शिरोलीची कास्टिंगं, अजून कोमट,
कापशीच्या चपला, कोऱ्या, करकरणाऱ्या,
इचलकरंजीचे तागे,
गुळाचा रवा मुंग्यांसकट,
हॉस्टेलवरच्या कुणा पोराला भडंग.
पार्सल एसी वाढवा म्हणत नाही.
लघवीला थांबवा म्हणत नाही.
किणी, तासवडे, आणेवाडी, खेड शिवापूर,
चारही टोल त्याच्याच खिशातून.

वर बसलेल्यांनी बाकीचं उचलायचं:
डिझेल, बँकेचा हप्ता, विमा,
एजंटाचे टक्के, हुसेनमामांचा भत्ता,
दगड लागला तर काच.
ढाब्यावर मामांना ताट फुकट,
म्हणून चाळीस जणांना
नेमकी तिथंच भूक लागते.

सत्ताविसाव्या तिकिटाला सगळं फिटतं.
अठ्ठाविसावा चढला की
अण्णांच्या घरी दूध, माझ्या घरी रॉकेल गेलं आता, गॅस.

दोन वर्षांमागं शंभरात पुणे नेणारी
गुलाबी गाड्यांची कंपनी आली.
पाण्याची बाटली, वर चॉकलेट.
आमच्या खिडकीशी माशीही बसेना.
अण्णांनी दर पाडला नाही.
ते गॅरेजात जाऊन
उभ्या गाडीकडं बघत बसले दिवसभर.
उभी गाडी बसून हप्ता खाते, म्हणाले.
मग पुण्यात दुपारभर झोपणाऱ्या गाडीला
साताऱ्याची फेरी लागली,
रविवारी वऱ्हाड, मे महिन्यात सहली,
क्लीनर दिग्विजय गाडीतच अंघोळ उरकू लागला.
त्याच्या आईनं एकदा येऊन विचारलं,
पोरगं कधी झोपतंय?
तो आकडा वहीत नव्हता.
गुलाबी गाड्या आठ महिन्यांत विकायला निघाल्या.
त्यातली एक आम्हीच घेतली,
रंग न काढता. रंगाला पैसे लागतात.

रोज पाठवताना मी खिडकीतून बघायचे,
यातला अठ्ठाविसावा कोण?
कानात बोळे घातलेला? डबा मांडीवर धरून बसलेली?
फायदा कुठल्या सीटवर बसतो
ते चेहऱ्यावरून कळत नाही.

परवा मी स्वतः निघाले.
अण्णांनी तिकिटांचं सॉफ्टवेअर घेतलंय,
दोन दिवस पुण्यात शिकायचं
माझी वही कशी बंद करायची ते.
स्टाफ पास. मागची सीट.
मोजून बघितलं तर सत्तावीस.
मी कशात धरायची? पार्सलात नाही, तिकिटात नाही.
वाठारला मामांनी आरशातून बघून
मान हलवली, जाऊ दे, असं.

पेठ नाक्यावर अंधारात एक हात हलला.
ब्रेक लागला, सगळ्यांच्या माना पुढं.
माणूस चढला, खांद्यावर पोतं,
पोत्यात काहीतरी जिवंत, बहुधा कोंबडा.
दोनशेला बसवला.
रिकाम्या सतरा जागा सोडून
तो थेट माझ्यापाशी आला,
पंख्याखाली बरं म्हणाला,
सरका की जरा.

मी सरकले.
कोंबडा कराडपर्यंत गप्प होता.