निम्मं-निम्मं

म्हापशात, कुंकळ्येकर सीएच्या माडीवर.
खाली शुक्रवारचा बाजार, सुक्या बांगड्यांचा वास
जिना चढून फायलींपर्यंत आलेला.

हळदोण्याच्या घराचं भाडं, तो म्हणतो,
गोव्याच्या कायद्यानं दोघांचं, निम्मं-निम्मं.
पगार ज्याचा त्याचा.
उत्रेख्तला हे निम्मं कोण मानतं
ते आधी विचारून घ्या. लेखी.
विमानात बसल्यावर नव्हे.

आणि माड? मी विचारते.
नारळाचे पैसे इथे माफ.
तिथलं मी कसं सांगू, बाये?

योरिस वहीत लिहितो: नारळ.
खाली दोन रेघा.

मग दिवस. यंदा भारतात किती दिवस होता हा?
योरिस पासपोर्टातले शिक्के मोजतो,
ओठ हलवत, स्वतःच्या भाषेत.
एकशे एक्क्याऐंशी.
सीए चष्मा काढतो. एकशे ब्याऐंशी झाले तर
हिशोबच फिरतो. पुन्हा मोजा.

पुन्हा तेवढेच.

स्कूटरवर मी त्याला विचारते,
पप्पा गेले तो दिवस धरलास?
नाही, तो म्हणतो.
तेव्हा मी वाटेत होतो.
खाली समुद्र होता नुसता,
कुणाचाच नसलेला.

मी आरसा नीट करते.
त्याचा चेहरा निम्माच दिसतो.