उसवलेला आकडा

टोलेडोच्या मागच्या गल्लीत, गॅरेजवरच्या खोलीत
ऑर्विल पिवळा दिवा मालवतो, जांभळा लावतो.
नवा दोरा असता तर चमकला असता.
फ्लॅनेल गप्प राहतं.

"एकोणचाळीसची असावी.
खालच्या काठाला साखळीटाक्यात नाव आहे,
व्होयचिक. तुमचे वडील?"
डोलोरिस मान हलवते. पर्स मांडीवर, घट्ट.

मग पाठीवरच्या चौदाखाली त्याच्या बोटाला लागतात
बारीक भोकं, ओळीनं.
आधी इथे एकवीस होता.
काचकारखान्याचा बेसबॉल संघ तो,
एकाला काढलं की त्याची जर्सी दुसऱ्याच्या अंगावर.

"म्हणजे खोटी?"
"नाही हो. दोघांची खरी."

उजव्या बगलेत मात्र
एक ठिगळ झगझगतं, निळसर, आगाऊ.
ऑर्विल लिहितो : नंतरची दुरुस्ती.
"किंमत उतरेल थोडी."

"ते आईनं लावलंय. पिचिंग सुटल्यावर
बाबा हीच घालून कुंपण रंगवायचे.
दर मे महिन्यात. फाडायचे."

तो पेन खाली ठेवतो.
जांभळा दिवा तसाच राहू देतो
बराच वेळ.
अंधारात तेवढे टाकेच दिसत असतात,
वाकडेतिकडे, घाईचे.