पाणी कुठे गेलं

तमालेच्या शाळेत, दुसरीच्या व्हरांड्यात
मॅडम फुसेनांनी एक पेला पाणी ओतलं.
ते पसरलं, मग जरा उताराकडे वळलं.
"आता कडेकडेनं खडू फिरवा."
वुंपिनीनं फिरवला, जीभ दाताखाली धरून.

हरमॅटनचा वारा सुटलेला.
वाळवंटाची धूळ पापण्यांवर, वह्यांवर,
आणि ओठ असे उललेले
की पाढे म्हणतानाही चुरचुरावं.

थोड्या वेळानं पाणी रेघ सोडून आत सरकलं.
पुन्हा रेघ. पुन्हा आत.
मधल्या सुटीला उरल्या
एकात एक चार रेघा
आणि मध्ये कोरडंठाक.

"कोण प्यायलं?" नापारी म्हणाला.
"कोणी नाही. हवेत गेलं."
सगळ्यांनी वर पाहिलं.
वर नुसता पत्रा.

वुंपिनी गप्प.
पेला तिनंच भरून आणला होता,
पहाटे पंपावर, सतराव्या नंबरानं.
तिनं जीभ बाहेर काढली
आणि हवा चाखून बघितली.

"लागतंय का काही?"
"धूळ."
मग जरा थांबून,
"पण ते अजून माझंच आहे ना?"

मॅडमनी पुस्तक उलटं सुलटं केलं.
संध्याकाळी झाडू मारताना अलिदू
त्या रेघांना वळसा घालून गेला.