नंबर

एप्रिलात वरून परिपत्रक आलं.
विषय एवढाच: मतदान करा.
कार्डशीट शाळेची, रंग ज्याचे त्याचे.

सोहारला वारा सुटला होता,
वर्गाच्या खिडकीच्या फटीतून
बंदराकडची बारीक रेती येऊन
ओल्या रंगावर बसत होती.
सगळ्या पोरांच्या आकाशाला एकच खरखर.

बासष्ट पोस्टर्स. मी मोजली.
एक्केचाळीस बोटं, नखावर शाई.
कबुतरं पुष्कळ, त्यातली दोन सरळ कोंबडीसारखी.
अशोकचक्राला कुणी एकवीस आरे दिले, कुणी तीस.
इतकी वर्षं शिकवतेय,
अजून कुणाचे चोवीस भरत नाहीत.

मग आठवी ब मधली सफूरा चौगुले.
तिच्या कागदावर बोट नव्हतं.
कौलारू शाळा होती, मागे खाडी,
आणि शाळेच्या दारापासून कागदाच्या कडेपर्यंत रांग.
माणसं पाठमोरी.
छत्री टेकून उभा म्हातारा, कडेवर पोर घेतलेली बाई,
आणि मध्येच
एका माणसाइतकी जागा सोडून
बुटांची जोडी.
चवड्यात लोखंड घातलेले कंपनीचे बूट,
सिमेंटनं पांढरे पडलेले.
खाली मराठीत:
'नंबर धरून ठेवा. येतो.'

नियम चौथा: घोषणा हिंदीत किंवा इंग्रजीत.

लीलाम्मा कुरियन, माझ्या जोडीच्या परीक्षक,
चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या,
बूट आहेत, मतदार कुठाय?
मी सांगितलं, आमच्याकडे रॉकेलच्या रांगेत
डबा ठेवून लोक घरी जायचे,
डबा नसला तर दगड, दगड नसला तर चप्पल.
माणसांची भांडणं व्हायची,
चपलेचा नंबर कुणी खात नसे.
"आमच्याकडेही," त्या म्हणाल्या,
आणि पुढचं पोस्टर उचलायला
जरा उशीर केला त्यांनी.

सफूराला बोलावलं. कुणी सुचवलं हे?
"कुणी नाही मिस.
अब्बू म्हणतात, कंपनी मयताला रजा देते,
मतदानाला देत नाही.
तिकीट पण एकशेदहा रियाल झालंय."
पाढा म्हणावा तसं म्हणाली.

माझं बोट शेवटचं रंगलं ते इचलकरंजीत.
त्याच रात्रीचं विमान.
मस्कतला पासपोर्ट बघणारा पोरगा
नखाकडे पाहून म्हणाला, दारात सापडलं का?
मी हो म्हटलं.
नखाबरोबर शाई वर सरकत गेली,
श्रावण संपेपर्यंत पुरली.
उरलेली कोर एका शुक्रवारी बेसिनवर कापली
आणि नळ सोडला.
त्यानंतर यादीत माझं नाव आहे की नाही
हेही मी विचारलेलं नाही.

भाषेचे गुण कापून
सफूराला उत्तेजनार्थ.
पहिलं बक्षीस बोटाला.

प्रदर्शनाला जैनुद्दीन चौगुले आले,
शिफ्ट संपवून तसेच, निळ्या डांगरीत.
हात मागे बांधून पोस्टरसमोर उभे राहिले.
मी वाट पाहिली. आता डोळे पुसतील,
आता काहीतरी बोलतील गावाबद्दल.
माझी खोड आहे ती.
ते म्हणाले,
"मिस, डाव्या बुटाला लेस नाय, तार हाय.
आनि ह्यो मागला मानूस आमचा सलीम दिसतो.
ह्यो खातो नंबर."
आणि पोरीकडे बघून हसले.

पुढच्या रविवारी विज्ञानदिनाला फळा हवा होता.
टाचण्या काढल्या, पोस्टर्स गुंडाळली,
रबरबँड लावून कपाटामागे उभी केली.
तिचं गुंडाळताना पाहिलं:
कागद नळीसारखा वळला
की रांगेतला शेवटचा माणूस
शाळेच्या दाराला येऊन टेकतो.
बूट आत कुठेतरी राहतात.