एक बिनसाखरेचा

एकतीस वर्षं अमळनेरच्या स्टँडसमोर
मी साखर ओतली.
चमचा कधी लागला नाही. माप हाताला होतं:
मूठ अर्धी वळली की पाच कप.

गर्दीतून कुणी ओरडलं, "सुपडूभाऊ, एक बिनसाखरेचा!"
तर मी पोऱ्याकडे बघून डोळा बारीक करायचो.
गेला बिचारा.

आता तो एक मीच.

मे महिना. दुपारचे तीन.
बोरी नदी म्हणजे नुसती गोट्यांची वाट.
निंबावरचा कावळा चोच उघडी टाकून बसलाय,
अंगणात पाणी मारलं तर
चर्र बोलतं आणि जागेवर उडून जातं.
असल्या उन्हात मी उकळता चहा विकायचो.
लोक घेतही होते. असो.

न्हाणीच्या सांडपाण्यावर गवती चहा माजलाय.
पात बोट कापते, म्हणून कात्री.
सात-आठ पाती, त्यांची एक गाठ,
पातेल्यात.
चिमूट दोन चिमूट बडीशेप.
तुळशीच्या मंजिऱ्या फक्त, पानं नाहीत;
पानं सुनेच्या देवांची.
वाळवलेली जास्वंद, चार फुलं.
पाणी इतकं लाल होतं
की शेजारची रत्नमाला कुंपणावरून म्हणाली,
काका, लुगडं रंगवताय का?

आणि ज्येष्ठमध.
बोटभर काडी, दिसायला सरपणाची ढलपी,
खलबत्त्यात दोनदा ठेचायची, पूड करायची नाही.
"रोज नको हं," काष्ठौषधीवाला म्हणाला, "बीपी चढतं."
एका दुखण्याची सोय करायला जावं
तर दुसरं तिकीट काढून रांगेत उभंच.

खजूर चालेल का, म्हणून डॉक्टरांना विचारलं होतं.
ते हसलेसुद्धा नाहीत.

उकळी येऊ द्यायची नाही, हेच मला जड गेलं.
जन्म गेला उकळी बघण्यात:
फेस काठाला आला, आच कमी,
बसला, पुन्हा मोठी,
पुन्हा वर, पुन्हा खाली,
तेवढ्यात चोपड्याची गाडी लागायची आणि वीस कप.
इथं पाणी कढत झालं की गॅस बंद,
वर झाकण,
आणि मग काहीच नाही.
हात मांडीवर ठेवून बसलो
तर उजवा आपणहून फळीवरच्या डब्याकडे गेला.
त्या डब्यात सून आता पापडखार ठेवते.

लाइट असली तर फ्रिज आणि बर्फाच्या वड्या.
नसली तर तांब्याला ओलं फडकं,
माठाला टेकून, दाराच्या वाऱ्यात.
काल होती.

काल वना मास्तर आले.
स्टँडवर हे चहा प्यायचे
आणि बशीत वरून साखर मागायचे, वेगळी,
बोटानं चाटायला. हेडमास्तर होते तेव्हाही.
लाल पेल्याकडे त्यांनी आधी नीट बघून घेतलं.
एक घोट.
"साखर टाकेल नही का रे भो?"
नाही, म्हटलं.
मिशी पुसली, पेला खाली ठेवला,
आणि धुळ्याच्या भाच्याची गोष्ट काढली:
ट्रॅक्टर घेतला, हप्ता थकला,
आता म्हणतो कांदा भरून ठेवतो,
चाळ बांधायला मामा तुम्ही...

इथं थांबले.
तोंड मिटून काहीतरी शोधायला लागले,
चावी हरवल्यासारखे.
"आते गोड लागी ऱ्हायनं."

ज्येष्ठमधाचं असंच आहे.
घोटाबरोबर येत नाही.
पेला खाली गेल्यावर,
गोष्ट ट्रॅक्टरवरून कांद्यावर गेल्यावर,
जिभेच्या मुळाशी येतं
आणि उठायचं नाव घेत नाही.
हे मला गिऱ्हाईकाला सांगता आलं नसतं.
गिऱ्हाइकाची गाडी सुटत असते.

मास्तरांनी उरलेला पेला बर्फासकट संपवला.
भाच्याचं पुढं काय, ते राहिलंच.

ते गेल्यावर पेला उचलला,
खाली दहाची नोट. सवयीनं ठेवलेली.
मीही ती सवयीनं कपाळाला लावली,
आणि तीन रुपये सुटे हातात घेऊन
फाटकापर्यंत गेलो,
अनवाणी,
तापल्या फरशीवर नाचत,
"मास्तर! ओ मास्तर!"