पाण्यातला टाका

झुलेखा, तो गोंद आधी बाजूला ठेव.
दुकानात जे टिकतं ते पाण्यात टिकेलच असं नाही.
शिंपले चिकटवायचे नसतात, शिवायचे असतात,
आणि खरे तर मुळीच नकोत, खऱ्याची कड
ओल्या कातडीवर ब्लेडसारखी फिरते.
हे सिलिकॉनचे घे. वाकवून बघ.
कानाच्या पाळीसारखे.

सुई बदल. गोल टोकाची घाल.
ती धागा फोडत नाही, त्याला बाजूला सारून जाते,
मुहर्रकच्या बाजारात हलव्याच्या दुकानापुढून
गर्दीतून बुरखा सावरत तू जातेस ना, तशी.

कापड चारी बाजूंनी ताण.
अजून.
सोड. परत आलं? किती वेळात?
जे आळसावत परत येतं ते दगा देणार.
क्लोरीन इलॅस्टिकला आतून खातं,
वाळवी दाराला खाते तसं;
वरून मोरपंखी रंग शाबूत, चमक शाबूत,
बोट लावलं की भुसा.
म्हणून हे महागातलं पॉलिएस्टर. बू राशिद कुरकुरेल.
कुरकुरू दे.

टाका नागमोडी.
छाती भरून श्वास घेतला की सरळ टाका तट्कन तुटतो,
आणि या बायका श्वास घेतात तो
आपल्यासारखा नाही, दोन मिनिटांचा एकदम घेतात.
हूक नको. पितळेचा म्हणून देतात, निघतो लोखंडाचा.
मानेला गाठ तर नकोच नको.
पट्टे पाठीवर फुली मारून ने,
रुंद ठेव, बोटभर नाही, तीन बोटं.
अस्तर दुहेरी. टिकली प्रत्येक स्वतंत्र गाठीची,
म्हणजे एक सुटली तर एकटीच जाईल,
बाकीच्यांना घेऊन नाही.

रोवेनाचा पहिला मीच शिवला होता.
शिवला कसला, चिकटवला.
अमवाजच्या हॉटेलात, काचेच्या भिंतीचा तलाव,
कुणाच्या तरी मुलीचा वाढदिवस,
पोरं काचेला नाकं लावून उभी.
खाली गेली आणि मागचा जोड उकलला.
पाय शेपटीत बांधलेले.
मग वर यायला उरलं काय? हात.
आणि हात तिने छातीवर धरले होते,
दोन्ही, घट्ट,
आणि तशीच खाली राहिली.
पोरांना वाटलं हाही खेळच आहे.
टाळ्या वाजवल्या.

काढली तिला. जगली, हो, जगली,
परवाच तर माप देऊन गेली.
तेव्हा ओला टॉप प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला
आणि म्हणाली, सिस्टर, थोडा घट्ट कर.
एवढंच.
मी शिव्या ऐकायच्या तयारीने उभी होते.

मला पोहता येत नाही.
दाभोळच्या धक्क्याशी घोट्यापर्यंत उतरायचे,
सलवार वर धरून, दोन्ही हातांनी,
आणि काठावरून फूफू ओरडायची: खाली कर, खाली कर!
तीस वर्षं कपडे शिवतेय
पण हे धरणं त्या दिवसापर्यंत
माझ्या मापात कधी आलं नव्हतं.

बू राशिदच्या गल्ल्यात, नाण्यांच्या मागे,
त्याच्या आजोबांचा नाकाचा चिमटा आहे, शिंगाचा.
मोती काढायचे ते. एकदा दाखवला होता.
म्हणाला, मोती दिसायच्या आधी
ते दोर बघायचे, हाताखालून सगळा, रोज,
कालच बघितलेला असला तरी.
मग कापडाचं बिल बघून कुरकुरलाच.

चल, बादली भर.
मूठभर मीठ, ब्लीचचं एक झाकण.
रात्रभर राहू दे. उद्या पिळू नकोस,
टॉवेलात गुंडाळून दाब, सावलीत पसर,
इथलं ऊन क्लोरीनचंच भावंड आहे.

आणि आधीचा तो वाळलाय ना, तो घाल अंगात.
कुर्त्यावरून चालेल. दार लावते मी.
आता हात वर कर.
एक नाही. दोन्ही.
अजून वर, पंख्याकडे.
मोठा श्वास घे.
बघू नकोस खाली, मी बघतेय.
सांग,
हललं काही?